रिकाम्याचं वजन

सिनेटर मर्ल गर्ट्झन फेब्रुवारीत गेला,
राजधानीतल्या पार्किंगमध्ये,
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता.
मागे राहिलं: बायको, दोन कुत्री
आणि सत्तर हजार माणसांची एक खुर्ची.

मी धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळते,
कॅन्ससच्या पश्चिम टोकाला, एकतीस वर्षं.
भरलेला ट्रक येतो, आकडा लिहिते.
रिकामा होऊन परत येतो, आकडा लिहिते.
मधली वजाबाकी म्हणजे गहू.
एवढंच गणित मला येतं, आणि ते पुरतं.

आमच्याकडे खुर्ची मुदतीआधी रिकामी झाली
तर जनतेला विचारत नाहीत.
पक्षाची गावोगावची माणसं बोलावतात, ती ठरवतात.
त्यातली एक मी.
कशी झाले ते सांगते, हसू नका:
मतपत्रिकेवर त्या पदापुढे कोणाचंच नाव नव्हतं,
नुसती रेघ.
रेघेवर मी माझं नाव लिहिलं.
लॉइडनंही माझंच लिहिलं, येताना गाडीत बजावलं होतं.
तिसरं मत कोणाचं, अजून कळलेलं नाही.

तर शनिवारी, शाळेच्या जिममध्ये, एकसष्ट जण.
बास्केटबॉलची जाळी वर दुमडलेली,
फरशीला मेणाचा आणि पोरांच्या घामाचा वास,
कॉफी अशी की कपाचा तळ दिसावा.
भिंतीवर मतदारसंघाचा नकाशा,
उसवलेल्या मोज्यासारखा:
टाच आमच्याकडे,
अंगठा पार त्या कत्तलखान्याच्या गावात,
जिथे रात्रपाळी सुटली की चार भाषा रस्त्यावर येतात.
तिथून एकटाच आला होता रेफुहियो आर्मेंदारिस,
इस्त्रीच्या शर्टात, सगळ्यांच्या आधी.
अध्यक्षांना वाटलं, शाळेचा शिपाई.
त्यांनी त्याला खुर्च्या मांडायला सांगितलं
आणि त्यानं मांडल्या.

उमेदवार दोन.
वकील ट्रेंट ऑल्डस वीस मिनिटं गव्हाच्या भावावर बोलला.
त्यानं कधी पोतं उचललं असेल
तर मी माझा काटा गिळीन.
गुरांची डॉक्टर कार्लीन व्होथ
उठताना सवयीनं दोन्ही हात पँटला पुसत म्हणाली,
"जमिनीखालचं पाणी दर वर्षी उतरतंय.
ते कोणत्याच पक्षाचं नाही."
आणि बसली.
टाळ्या बेताच्याच.

पहिली फेरी: तीस, तीस, एक कोरी.
मोजणाऱ्या लव्हॉननं चष्मा पुसून पुन्हा मोजलं.
तीस, तीस, एक कोरी.
लोक एकमेकांकडे बघू लागले,
प्रार्थनेत कोणाचं तरी पाकीट हरवावं, तसे.

कोरी माझी होती.
पेन्सिल टेकवली होती मी. खरंच टेकवली होती.
पण सत्तर हजारांचा ट्रक काट्यावर चढला,
आणि आत काय भरलंय ते मला दिसेना.
मर्लला मी ओळखायची. तो तरी कुठे काय आणायचा?
दर नाताळला एक कॅलेंडर.
तरी त्याच्या जागेकडे बघवत नव्हतं.

शेजारून रेफुहियोनं आपली पेन्सिल पुढे केली.
"तुमचीचं टोक मोडलं वाटतं,"
एवढंच म्हणाला, नकाशाकडे बघत.
त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे.
पेन्सिल गरम होती, हातात धरून बसल्यासारखी.

दुसरी फेरी: एकतीस, तीस. गुरांची डॉक्टर.
ऑल्डसनं हसून हात मिळवले आणि बर्फात गाडी जोरात काढली.
खुर्च्या घडी करायला थांबलो आम्ही चौघं.
या वेळी अध्यक्षही थांबले.

सोमवारी पहिला ट्रक कोबी श्रागचा.
खिडकीतून ओरडला, "कोण झालं मग?"
सांगितलं.
"हां, माझं वासरू ओढून काढलं होतं तिनं."
मग जरा थांबून, "पण मला कोणी विचारलं नाही."
मी म्हटलं, "मलाही तिघांनीच विचारलं होतं, त्यातली एक मी.
जरा पुढे घे, कोबी.
तुझं मागचं चाक काट्याबाहेर आहे."